कवड्यांची माळ

माझे वडील सकाळची आरती मराठीत म्हणतात आणि ती संपली की देवीशी कन्नडमध्ये बोलतात. बोलतात म्हणजे गाऱ्हाणी सांगतात. नळाला पाणी कमी येतं, शेजाऱ्याने स्कूटर दारातच लावली, डावा गुडघा ऐकत नाही, मुलगी उशिरा उठते. मुलगी म्हणजे मी. माझं वय बावन्न आहे आणि मी रोज सहाला उठते, पण देवीपुढे माझी बाजू मांडायला कोणी नसतं.

आमचं घर म्हैसूरला, बन्नीमंटपाच्या मागच्या एका गल्लीत आहे. घरातले पुरुष कधीकाळी म्हैसूरच्या राजाच्या फौजेत होते असं सांगतात. कोणत्या राजाच्या, कोणत्या फौजेत, हे विचारलं की सगळ्यांचं उत्तर वेगळं येतं. अप्पा स्वतः सरकारी कचेरीत कारकून होते आणि मी शाळेत चित्रकला शिकवते. तलवार घरातल्या कुणी पाहिलेली नाही. त्या सगळ्या शौर्यातून आमच्यापर्यंत दोनच गोष्टी पोहोचल्या, एक आमचं मराठी आणि दुसरी देवघरातली भवानी.

आमच्या मराठीबद्दल फार अभिमानाने सांगावं असं काही नाही. 'मत्ते, कॉफी झाली काय? सुम्ने बसू नको गं, ऊठ' हे आमच्या घरातलं अगदी शुद्ध वाक्य. 'मत्ते' म्हणजे मग आणि 'सुम्ने' म्हणजे उगीच, हे दोन्ही शब्द कन्नड आहेत हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर आम्ही म्हणतो ते मराठी, अशी माझी साधी व्याख्या होती. लिहायचं मराठी मी मोठेपणी, पुस्तकं आणून, एकटीने शिकले. आजही एक पान लिहिलं की दोनदा तपासते, कुठून काय आत शिरलं असेल सांगता येत नाही.

चित्रं मात्र मी पूर्ण कन्नडमध्ये शिकले. माझे गुरू बेट्टदपुरहून म्हैसूरला आलेले, जुन्या म्हैसूर पद्धतीची देवांची चित्रं काढणारे. पांढरी पूड आणि डिंक तासन् तास घोटायचा, त्या लेपाने दागिने, मुकुट, खांब कागदावर किंचित उंच उठवायचे आणि वर सोन्याचा वर्ख चढवायचा. रेघ कशी ओढायची, श्वास कुठे धरायचा, वर्ख बसवताना पंखा का बंद करायचा, हे सगळं मला त्यांच्या शब्दांत ठाऊक आहे. देवाचे डोळे सगळ्यात शेवटी. बुबुळाचा ठिपका ठेवण्याआधी ते चित्राकडे वाकून हळूच 'नोडम्मा' म्हणायचे, म्हणजे बघ गं आई. देव पुरुष असला तर 'नोडप्पा'. मीही तेच म्हणत आले. एकदा पुण्यात आमच्या चित्रांचं प्रदर्शन होतं आणि एका बाईंनी प्रेमाने सांगितलं, तुम्ही मराठी ना, मग मराठीतच समजावून सांगा. मी दोन वाक्यांत अडकले. चित्राचं मराठी माझ्याकडे नव्हतंच. त्या बाई हसून म्हणाल्या, 'तुमचं मराठी किती गोड आहे.' लहान मुलाने पहिल्यांदा बुटाची नाडी बांधली की म्हणतात तसं. ते मला लागलं, आणि बरीच वर्षं लागून राहिलं.

आमची भवानी हीदेखील याच पद्धतीचं चित्र आहे. अप्पांच्या आजोबांनी कुणा चित्रकाराकडून करून घेतलेलं, दीड हात उंच. तिच्यावरची काच माझ्या जन्माआधीच फुटली होती. अप्पांनी दुसरी बसवू दिली नाही. काचेला कुंकू लावायचं का, हा त्यांचा प्रश्न. त्यामुळे ते रोज देवीलाच कुंकू लावतात. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना अंधूकच दिसतं, त्यामुळे सगळं बोटांनी चालतं. मधलं बोट आधी मुकुटावर, मग कानातल्या फुलावर, मग गळ्यावरून खाली त्रिशूळ धरलेल्या हातावर आणि शेवटी पायांवर. उठवलेलं सोन्याचं काम बोटाला लागतं, त्यावरून ते वाट काढतात. कान मात्र त्यांचे शाबूत आहेत. मी आतल्या खोलीत रंगाची बाटली उघडली तरी त्यांना बाहेर ऐकू येतं.

गेल्या वर्षी आषाढाच्या शेवटी त्यांनी मला हाक मारून बोट दाखवलं. बोटाच्या टोकाला वर्खाचा कण चिकटला होता.

'आता रोज येतंय बघ,' ते म्हणाले. 'मी तिला पुसूनच टाकणार, अष्टे, एवढंच. तू नवीन काढ. हिच्यासारखीच काढ. घट बसायच्या आत हवी मला.'

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेलं हे पहिलं चित्र. शाळेतल्या नोकरीबद्दल ते चार लोकांत बोलायचे, चित्रांबद्दल कधी नाही. मी हो म्हटलं आणि मला फार आनंद झाला. तो मी दाखवला नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही.

जुनं चित्र उतरवून मी माझ्या खोलीत नेलं आणि ओल्या कापसाने कुंकवाचे थर काढायला घेतले. चार दिवस त्यातच गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मुलगी किल्ली मागायला खाली आली. ती बार्शीची. इथल्याच हेब्बाळ भागातल्या एका कंपनीत काम करते, सकाळी कंपनीच्या बसने जाते आणि किल्ली आमच्याकडे ठेवते. अप्पांना आजोबा म्हणते, मला काकू. तिचं मराठी स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखं. तिच्याशी बोलताना मी जरा सांभाळूनच बोलायचे.

ती दारातूनच म्हणाली, 'अय्या, चामुंडेश्वरी! किती सुंदर आहे हो.'

'भवानी आहे,' मी म्हटलं. 'आमच्या घरची.'

ती आत येऊन वाकून बघू लागली. 'नाही हो काकू. भवानी आमची कुलदेवी आहे, आम्ही दरवर्षी तुळजापूरला जातो. भवानीचा मळवट भरलेला असतो, हा असा कपाळभर. नाकात नथ. आणि कवड्यांची माळ पाहिजेच. ही तुमच्या इथली, चामुंडीच्या डोंगरावरची.' तिने मोबाइलवर तुळजापूरचे फोटो उघडून दाखवले. आगाऊपणा त्यात अजिबात नव्हता. सदऱ्याचं बटण उघडं राहिलंय हे सांगावं, तेवढ्याच सहजपणे तिने सांगितलं.

ती गेल्यावर मी चित्राकडे नीट पाहिलं. मुकुटाचा तो घाट, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, वेणीवर मोगऱ्याच्या कळ्यांची जाळी. मी गिऱ्हाइकांसाठी निदान तीस चामुंडेश्वऱ्या रंगवल्या असतील. तिच्या खुणा मी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवते. आणि घरातली चामुंडेश्वरी मला बावन्न वर्षांत ओळखू आली नाही. दोघी महिषासुरालाच मारतात, दोघींना आठ हात, हे खरं, पण ही सबब माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने दिली असती तर मी त्याला खाली बसवलं असतं. भवानी म्हणून सांगितलं, भवानी म्हणून नमस्कार केला, बघायचं राहून गेलं.

मला प्रथम राग आला. अप्पांच्या आजोबांचा आला, त्या चित्रकाराचा आला. मराठी माणसाने भवानी मागितली असणार आणि त्याने आपल्याला येत होती ती देवी काढून दिली असणार. आमच्या लोकांनी ती मुकाट्याने घेतली, घरी आणून टांगली आणि पिढ्यान् पिढ्या चुकीच्या देवीची आरती केली. आपलं म्हणून सांभाळलेल्या दोन गोष्टींपैकी एक अर्धी कन्नड निघाली होतीच, आता दुसरी तर पूर्णच निघाली. मग राग ओसरला आणि अप्पांची काळजी वाटू लागली. त्यांच्या सगळ्या मोठेपणाचा खांब हाच. आम्ही भवानीचे लोक, हे ते बँकेत, दवाखान्यात, रिक्षावाल्यालासुद्धा सांगतात. या वयात त्यांना काय सांगायचं?

मी ठरवलं की सांगायचं नाही, दुरुस्त करायचं. नवीन चित्र मी खऱ्या भवानीचं करणार. रचना तीच, आकार तोच, फक्त मळवट, नथ आणि कवड्यांची माळ. अप्पांना अंधूक दिसतं, त्यांना काही कळणार नाही. घरात निदान इथून पुढे तरी योग्य देवी असेल. यात मला अप्पांना जपायचं होतं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की पुण्याच्या त्या बाईंना उत्तर द्यायचं होतं. त्या वेळी मला हे दुसरं कारण दिसत नव्हतं. किंवा दिसत होतं, मी बघत नव्हते.

दोन महिने काम चाललं. पहिल्या दिवसापासून जुनं चित्र रोज सकाळी पूजेपुरतं देवघरात परत जायचं. वरची मुलगी रोज संध्याकाळी किल्ली घ्यायला आली की खोलीत डोकवायची. तिला मनापासून मजा वाटत होती. 'नथ जरा मोठी घ्या काकू', 'मळवट अजून खाली, भुवयांपर्यंत', 'कवड्या अशा दुपदरी असतात'. मी विचारायचे, ती सांगायची. एकेक कवडी तांदळाच्या दाण्याएवढी, लेपाने उठवायची, सुईने मधली चीर पाडायची, वाळली की वर्ख. माळ पुरी झाली तेव्हा ती टाळ्या वाजवून म्हणाली, 'आता आली बघा आमची भवानी!' मला पास झाल्यासारखं वाटलं. मुलीचं वय सत्तावीस.

डोळ्यांच्या दिवशी मी आंघोळ करून बसले. ठिपका ठेवण्याआधी वाकले आणि 'नोडम्मा' तोंडात आलं. मी ते गिळलं. ही मराठी देवी. 'बघ आई,' मी म्हटलं. नाटकात दुसऱ्याचं वाक्य म्हटल्यासारखं वाटलं, पण हात हलला नाही, ठिपके बरोबर बसले. चित्र चांगलं झालं होतं. माझ्या हातून इतकं चांगलं फार वेळा झालेलं नाही.

घटस्थापनेच्या सकाळी ते देवघरात टांगलं. अप्पा धोतर नेसून पाटावर बसले, कुंकवात बोट बुडवलं आणि मुकुटावर ठेवलं. मुकुटावरून कानावर आले. कानावरून गळ्याकडे आले आणि थांबले. बोट माळेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरकलं, परत मागे आलं. मग नाकाकडे गेलं, नथीशी थांबलं. मी मागे उभी होते. त्यांनी पायांवर कुंकू लावलं, घट मांडला, आरती म्हटली, सगळी कडवी म्हटली, कापूर लावला. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि कॉफी मागितली.

काहीतरी राहिलंय असं मला वाटत होतं, काय ते लक्षात येईना. तिसऱ्या दिवशी आलं. ते देवीशी बोलत नव्हते.

लहानपणापासून माझी सकाळ त्या पुटपुटण्याने होते. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही ते बसून देवीशी बोलले होते, आणि त्या दिवशी काय बोलले ते मी मुद्दाम ऐकलं नव्हतं. आता आरती झाली की घर एकदम गप्प व्हायचं. नळाला पाणी कमी होतं, शेजाऱ्याची स्कूटर दारात होती, गुडघा दुखतच असणार. अप्पा कुणाला काही सांगत नव्हते. जेवणही जरा कमी झालं होतं.

पाचव्या दिवशी मी विचारलं, 'अप्पा, देवीशी बोलत नाही तुम्ही हल्ली?'

ते खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. हात थांबला नाही.

'काय बोलू?' ते म्हणाले. 'हिला कन्नड येतं की नाही, गोत्तिल्ला.'

गोत्तिल्ला म्हणजे माहीत नाही. चिडून म्हणाले नाहीत. नवीन पाहुणीला तिखट चालतं की नाही माहीत नाही, अशा आवाजात म्हणाले. मी स्वयंपाकघरात गेले. मला रडू आलं, आणि रडताना थोडं हसूही आलं, कारण उत्तर मला खरंच माहीत नव्हतं. दोन महिने मी तिचं सगळं तपासून घेतलं होतं, हे सोडून.

नवरात्र संपेपर्यंत बसलेली देवी हलवायची नसते, म्हणून उरलेले दिवस तसेच काढले. विजयादशमीला आमच्या रस्त्यावर मशालींचा खेळ बघायला जाणाऱ्यांची दुपारपासून रीघ लागते, गाडी बाहेर काढता येत नाही. वरच्या मुलीला सुट्टी होती. ती सोनं द्यायला खाली आली, तिच्या आईने बार्शीहून कुरियरने आपट्याची पानं पाठवली होती, वाटेत वाळून कुरकुरीत झालेली. अप्पांनी ती कपाळाला लावली आणि तिच्या हातावर बन्नीची, म्हणजे शमीची, पानं ठेवली, कारण आमच्याकडे सोनं म्हणजे बन्नी. मग मी तिला देवघरात नेलं आणि म्हटलं, 'ही तू घेऊन जा. तुझी आहे.'

'काकू, खरंच?' तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तिथल्या तिथे आईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक बाई पदर डोक्यावर घेऊन हात जोडत होती आणि नथीचं कौतुक करत होती. मला बरं वाटलं. चित्र चुकलेलं नव्हतं, पत्ता चुकला होता.

ती गेल्यावर मी कपाटातून जुनं चित्र काढलं. सुटलेल्या कडा डिंकाने बसवल्या होत्या, तेवढंच. मुकुटाच्या उजव्या बाजूचा वर्ख पार गेला होता. ते जुन्या खिळ्याला लावलं आणि अप्पांना सांगितलं, 'अप्पा, जुनी परत लावली आहे.'

ते उठून आत गेले. मी कॉफीचं पाणी ठेवलं. बोटाने चाचपल्याचा आवाज येत नसतो, पण किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. मुकुट, कान, गळा, हात, पाय. मग पुटपुटणं सुरू झालं. दहा दिवसांचं साचलेलं होतं. नळ, स्कूटर, गुडघा, सगळं ओळीने आलं. मी गॅस बारीक केला. मग माझी पाळी आली. मला वाटलं उशिरा उठण्याबद्दल असेल.

'नीन् यारु अंत मेल्गडे हुडुगीन केळिद्ळु,' अप्पा देवीला सांगत होते. 'नन्न केळ्लिल्ला.'

तू कोण ते तिने वरच्या मुलीला विचारलं. मला विचारलं नाही.

पाणी उकळून गेलं. दोन महिने रोज संध्याकाळी अप्पा बाहेरच्या खुर्चीत बसून ऐकत होते. नथ मोठी घ्या, मळवट खाली घ्या, कवड्या दुपदरी. त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि मी त्यांना धक्का बसू नये म्हणून दार लोटून घेत होते. मला इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

मी पदराला हात पुसले, देवघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले आणि विचारलं, 'अप्पा, ही कोण?'

त्यांनी मान वळवली नाही. बाजूचा पाट हाताने चाचपून पुढे सरकवला.

'चामुंडीच की ती,' ते म्हणाले. 'माझ्या आज्ज्याला काय डोळे नव्हते? भवानी म्हणून हाक मारली, तिनं ओ दिली. बस आता. उभ्यानं ऐकायची गोष्ट नाही ही.'